माईक कुणाच्या हातात?

मंडळी, गरबा असो, दहीहंडी असो की विसर्जन, परवानगीच्या फाइलीत आपत्ती आराखड्याचं एक पान असतंच. त्यात रुग्णवाहिका असते, आग विझवायचे सिलिंडर असतात. ऐनवेळी माईकवर कोण काय बोलणार, हे मात्र कुठेच नसतं.

4 जून 2025 ला आरसीबी या क्रिकेट संघाच्या आयपीएल विजयाच्या जल्लोषात बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. आत साधारण 35 हजारांची सोय, बाहेर लाखांची गर्दी. वाहतूक पोलीस म्हणत होते मिरवणूक नाही, संघाच्या खात्यावर होतं मिरवणूक आहे. दोन तोंडांनी सांगितलं की लोक आपल्या सोयीचं ऐकतात. त्यामुळे वेळ, गेट, पास यांतलं काहीही बदललं, तर ते एकाच माणसाने जाहीर करायचं आणि ठाण्याला आधी कळवायचं.

चेंगराचेंगरीत रेटा मागून येतो आणि गुदमरतात पुढचे. मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही. आपले भोंगे मात्र सगळे स्टेजपाशी! निदान दोन भोंगे गर्दीच्या शेपटाकडे लावा. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं दिसली की आत सोडणं थांबवा. सहा-सातवर गेल्यावर माणूस स्वतःच्या पायाने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. तेव्हा सूचना देऊन उपयोग नसतो.

सूचना आदल्या दिवशी लिहून, जाड अक्षरात छापून माईकपाशी चिकटवा. उदाहरणार्थ: “आहात तिथेच थांबा. कमानीचं गेट बंद आहे. पाण्याच्या टाकीकडचं गेट उघडं आहे. मागच्यांनी आधी, सावकाश टाकीकडे चला.” गर्दीत पूर्व-पश्चिम कुणाला कळत नाही, टाकी दिसते. ‘पळा’ म्हणायचं नाही. ‘घाबरू नका’ही नको, ते ऐकूनच माणूस घाबरतो. आधी मराठीत, मग हिंदीत, दोन-दोनदा. वाक्यांमध्ये श्वासाएवढी जागा सोडा, कारण शंभर मीटरवरच्या भोंग्याचा आवाज सुमारे 0.3 सेकंद उशिरा पोचतो आणि भरभर बोललेले शब्द एकमेकांवर चढतात.

डीजेवाल्याशी खूण ठरवा. हात वर गेला की गाणं बंद, मैदानातले सगळे दिवे चालू, मगच सूचना. जनरेटर बसला की माईकही मरतो, म्हणून बॅटरीवरचे चार मेगाफोन हवेत, आणि त्यांचे सेल त्याच दिवशी घातलेले.

मोबाइलच्या भरवशावर राहू नका. गर्दीत नेटवर्क गुदमरतं आणि ग्रुपवरचे निरोप अर्ध्या तासाने एकगठ्ठा पडतात. वॉकीटॉकी भाड्याने मिळतात. शिवाय निरोप पोचवायला दोन चपळ पोरं ठेवा. 112 ला फोन करायची जबाबदारी नावानिशी एकाची. ‘कुणीतरी केला असेल’ यातच वेळ जातो.

मूल सापडलं तर त्याचं वर्णन माईकवर सांगू नका, कोणीही येऊन ‘माझंच’ म्हणेल. “मूल चुकलेल्यांनी मंडपाच्या टेबलापाशी यावं” एवढंच पुरे. वर्णन पालकांनी द्यायचं.

पत्रकारांना आकडे तुम्ही सांगायचे नाहीत. ते प्रशासन सांगेल. कार्यक्रम किती वाजता थांबवला, पोलिसांना कधी कळवलं, नातेवाइकांनी कुठे चौकशी करायची, इतकं सांगा. त्या वेळा वहीत तिथल्या तिथे टिपायला एकाला बसवा.