एका अर्जाची एकच खूण

हा सर्वेक्षणाचा एक भरलेला अर्ज. त्यात दोनच प्रश्न आहेत: वय किती, आणि बातम्या कशावर वाचता, छापील कागदावर की पडद्यावर? समजा, असे १२० अर्ज आपल्यापुढे आहेत.

आधी नुसतं वय मोजू. चाळिशीच्या आतले ८०, चाळीस आणि त्यापुढचे ४०. आता वाचन. कागदावर ४४, पडद्यावर ७६. मोजणी बिनचूक आहे. पण त्या ४४ जणांत चाळिशीच्या आतले किती? या चार आकड्यांतून ते निघतच नाही. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची होती, ही गोष्टच मोजणीत हरवली.

म्हणून दोन ओळी आणि दोन रकान्यांची एक सारणी आखायची: वरची ओळ चाळिशीच्या आतल्यांची, खालची त्यापुढच्यांची; पहिला रकाना कागदाचा, दुसरा पडद्याचा. मग दोन्ही उत्तरं एकदम वाचायची आणि दर अर्जाला सारणीत एकच ताळ्याची खूण करायची. वय ३४, वाचन पडद्यावर: वरची ओळ, दुसरा रकाना. चार उभ्या खुणांवर पाचवी आडवी. अर्ज संपले की वरच्या ओळीत २४ आणि ५६, खालच्या ओळीत २० आणि २०. कडेच्या बेरजा, आडव्या घ्या की उभ्या, १२० लाच मिळायला हव्यात. एखादं उत्तर कोरं असेल तर तो अर्ज परस्पर वगळू नका. ‘उत्तर नाही’ असा रकाना ठेवा.

आता नीट बघा. कागदावर वाचणारे चाळिशीच्या आत २४ आणि पुढे २०. म्हणजे कागद तरुणांनाच जास्त प्रिय? नाही. ८० पैकी २४ म्हणजे ३० टक्के. ४० पैकी २० म्हणजे ५० टक्के. चित्र उलटलं! आणि भागाकार ४४ ने केला, तर कागद वाचणाऱ्यांपैकी जवळपास ५५ टक्के चाळिशीच्या आतले निघतात. तेही खरंच आहे, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. टक्केवारी कशाच्या बेरजेवर काढली, हे न सांगता ती छापणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

वयाचा आणि वाचनाचा काहीच संबंध नसता, तर वरच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात किती अपेक्षित होते? ८० गुणिले ४४ भागिले १२०, म्हणजे साधारण २९. प्रत्यक्षात आहेत २४. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-वर्ग चाचणी अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतल्या अशाच फरकांवर उभी आहे. आपल्या सारणीत तिची किंमत ४.६ च्या आसपास येते. पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४, म्हणजे संबंध नसताना नुसत्या योगायोगानं याहून मोठी किंमत शंभरात साधारण पाचच वेळा येते. म्हणजे नमुना यादृच्छिक, चिठ्ठ्या टाकून निवडावा तसा असेल, तर हा फरक निव्वळ योगायोगाचा म्हणून सोडून देता येणार नाही.