एक वणवा, चार नोंदी: अमेरिकेने माहितीचा सातबारा कसा लिहिला

नमस्कार मंडळी.

6 जुलै 1994. अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य, स्टॉर्म किंग डोंगर. त्या दुपारी वणवा विझवायला गेलेले 14 जण तिथेच जळून गेले. थंड हवेचा पट्टा येतोय, वारा जोरात सुटणार, हा अंदाज हवामान खात्याने आधीच दिला होता. डोंगरावरच्या माणसांपर्यंत तो पोचला नाही.

माहिती होती. फक्त जिथे हवी तिथे नव्हती. म्हणूनच आज एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर मला मनापासून बोलायचंय: एंटरप्राइझ आर्किटेक्चर.

नाव ऐकून सॉफ्टवेअरची खरेदी डोळ्यांसमोर येते. तसं नाही. अनेक खात्यांनी मिळून एकच काम करायचं असेल, तर कोण काय करणार, त्याला कोणती माहिती लागणार, ती कुठे तयार होते आणि कुठे जाते, हे आधी कागदावर मांडायचं. सॉफ्टवेअर त्यानंतर. अमेरिकेत 1996च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने केंद्रीय खात्यांवर अशा आराखड्याची जबाबदारीच टाकली.

(स्क्रीनवर: पश्चिम अमेरिकेचा नकाशा, जमिनीच्या मालकीचे रंग)

हे रंग बघा. फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याखाली. नॅशनल पार्क, सरकारी पडीक जमिनी, वन्यजीव क्षेत्रं आणि मूलनिवासींच्या जमिनी बघणारी कार्यालयं इंटिरियर खात्याखाली. शिवाय राज्यांची आणि काउंटींची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, अग्निशमन दलं. वणवा मात्र हद्द बघून पेटत नाही.

1970 साली कॅलिफोर्नियात 13 दिवसांत 16 माणसं गेली, 700 इमारती आणि पाच लाखांहून जास्त एकर जळालं. मदतीला धावलेल्या दलांच्या रेडिओ फ्रिक्वेन्सी वेगळ्या, हुद्दे वेगळे, एकाच वस्तूची नावंही वेगळी. त्यातून फायरस्कोप प्रकल्प आणि पुढे इन्सिडेंट कमांड सिस्टीम, म्हणजे सगळ्या दलांनी एकाच रचनेत काम करायची पद्धत, उभी राहिली. माणसांची भाषा एक झाली.

मग कॉम्प्युटर आले आणि तोच गोंधळ नव्याने सुरू झाला.

समजा आयडाहोत एक आग लागली. स्थानिक डिस्पॅच केंद्र, म्हणजे आगीचे फोन घेऊन दलं पाठवणारं कार्यालय, ती आपल्या सिस्टीममध्ये टाकणार. माणसं आणि विमानं मागवायची सिस्टीम दुसरी. आग कशी हाताळायची तो निर्णय नोंदवायची तिसरी. रोजचा अहवाल, ज्याला तिथे सगळे 209 म्हणतात, तो चौथ्या ठिकाणी. एकच आग, चार वेळा टाइप केलेली. एका ठिकाणी नाव थोडं वेगळं, दुसरीकडे अक्षांशातला एक आकडा चुकलेला. आयडाहोतल्याच बॉयसी शहरातल्या राष्ट्रीय वणवा समन्वय केंद्रात बसलेल्या माणसाने कुठला आकडा खरा मानायचा?

यावरचा तोडगा म्हणजे आयरविन. हे नवं ॲप नव्हे, तर या सगळ्या सिस्टीमना जोडणारा मधला दुवा. प्रत्येक आगीला एक कायमचा ओळख क्रमांक मिळतो, जमिनीला गट नंबर असतो तसा. एका सिस्टीमने टाकलेली माहिती बाकीच्यांना आपोआप मिळते.

पण मला खरी कर्तबगारी वाटते ती पुढच्या भागात. कुठल्या रकान्याचा धनी कोण, हे त्यांनी आधी ठरवलं. आग छोटी असताना डिस्पॅचचा आकडा चालतो. 209 भरायला सुरुवात झाली, की किती टक्के आग आटोक्यात आली हे त्या अहवालानेच सांगायचं. बाकीच्यांनी वाचायचं, खोडायचं नाही. माहितीचा सातबाराच म्हणा! कोड लिहिणं त्यापुढे सोपं. ‘या आकड्यावर आता माझा हक्क नाही’ हे एखाद्या खात्याने मान्य करायला किती बैठका लागत असतील, ते सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या कुणालाही कळेल.

याचा फायदा पुढेही होतो. 2020मध्ये मनुष्यबळ आणि साधनं मागवायची जुनी सिस्टीम, रॉस, गेली आणि तिच्या जागी आयरॉक आली. कोणती माहिती कुठून कुठे जाते याचा आराखडा तयार असला की अख्खं घर न पाडता एक खोली नव्याने बांधता येते.

आणि हद्दीवरची आग? एकाच धुराबद्दल दोन बाजूंच्या लोकांचे फोन येतात, दोन डिस्पॅच केंद्रं आपापली नोंद करतात. आयरविन जागा आणि वेळ ताडून बघतं आणि खूण करतं: या दोन नोंदी एकाच आगीच्या असू शकतात. पुढचं काम माणसांचं. एक डिस्पॅचर फोन उचलतो आणि शेजारच्या केंद्राला विचारतो, ‘तुमची आणि आमची आग एकच आहे का?’