एका डबल-क्लिकच्या आत

(टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, अगदी जवळून)

या फोल्डरवर लक्ष ठेवा. आता पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामच्या एक्झी फाइलवर डबल-क्लिक. आलं बघा, 'एमईआय' आणि पुढे आकडे, अशा नावाचं नवं फोल्डर. पायथॉन चालवणारी डीएलएल फाइल, लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, भराभर त्यात उतरतायत. प्रोग्राम बंद केला, की फोल्डर गायब. या संगणकावर पायथॉन टाकलेलंच नाही.

हे काम पायइन्स्टॉलरचं, पायथॉनचा प्रोग्राम लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका एक्झीत बांधणाऱ्या टूलचं. एमईआय ही अक्षरं गॉर्डन मॅकमिलन यांच्या कंपनीची. त्यांच्या जुन्या इन्स्टॉलरवरून 2005 मध्ये हे टूल उभं राहिलं. अक्षरं तेवढी मागे राहिली.

(बिल्ड, म्हणजे एक्झी बांधणं, सुरू. ओळी वर सरकतायत)

या ओळी सावकाश वाचा. टूल स्क्रिप्ट तपासतं, त्यातला प्रत्येक इम्पोर्ट, म्हणजे दुसरं मॉड्यूल (कोडची फाइल) बोलावणारी ओळ, शोधतं, मग त्या मॉड्यूलचे इम्पोर्ट, मग त्यांचेही. पण काही लायब्रऱ्या आपली मॉड्यूल ऐनवेळी बोलावतात. ती कोड वाचून सापडत नाहीत. त्यांच्यासाठी हूक, म्हणजे टूलला सूचना देणारी छोटी फाइल, लिहायची: अमुक लायब्ररी दिसली, तर ही मॉड्यूल आणि या फाइली सोबत घे. कधी कधी चारच ओळी. लायब्ररीवाल्यांनी नव्या आवृत्तीत एक मॉड्यूल इकडचं तिकडे केलं, की...

(लाल ओळ: मॉड्यूल सापडलं नाही)

...मग कोणीतरी बसून त्या लायब्ररीचा कोड चाळायचा, हूक दुरुस्त करायचा, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालवून बघायचा. विंडोजची एक्झी विंडोजवरच बांधावी लागते. त्यात दर ऑक्टोबरला खुद्द पायथॉनची नवी आवृत्ती. बाइटकोड, म्हणजे पायथॉन कोडचं ज्यात रूपांतर करून तो चालवतं ते रूप, बदलला, तर इम्पोर्ट शोधणारा भागच पुन्हा तपासायला घ्यायचा. आम्हाला हेच दाखवायचं होतं. हे काम नीट झालं, की कोणाच्या नजरेलाही पडत नाही.

2023 मध्ये पायइन्स्टॉलरच्या 6.0 आवृत्तीत बाइटकोड एन्क्रिप्ट करायची सोय काढून टाकली. किल्ली त्याच एक्झीत असायची, म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवलेली. दिलेली सोय परत घ्यायला धाडस लागतं, आणि ते टूल बनवणाऱ्यांनी केलं.

(अँटीव्हायरसची खिडकी)

व्हायरस लिहिणारेही हेच टूल वापरतात. म्हणून साध्या प्रोग्रामवरही कधी व्हायरसचा शिक्का बसतो, फाइल उडवली जाते, आणि तक्रार टूलकडे येते.

(पुन्हा टर्मिनल)

हूकमध्ये एक ओळ वाढली. तीच कमांड, पुन्हा एकदा.