अर्धी वर, अर्धी आत

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर संपूर्ण जबड्याचा एक्स-रे)

डावा जबडा एक्स-रेत आपल्या उजव्या हाताला दिसतो, म्हणून नजर तिकडे न्या. खालच्या रांगेतले सगळे दात सरळ उभे आहेत. शेवटची दाढ मात्र पुढे कलंडली आहे आणि तिचं डोकं शेजारच्या दाढेच्या पाठीला टेकलंय.

ही अक्कलदाढ. साधारण 17 ते 25 या वयात, सगळ्यांच्या शेवटी येते. तोवर जबड्यातली जागा बाकीच्यांनी घेतलेली असते. ती सरळ, पूर्ण वर आली तर इतर दाढांसारखी चावायला उपयोगी पडते. पूर्णपणे हाडात राहिली तर पुष्कळदा तिचा पत्ताही लागत नाही. छळते ती थोडी वर आणि बाकीची हिरडीखाली अडकलेली.

(दृश्य : ओपीडीचा व्हरांडा, केसपेपरची रांग)

महाराष्ट्रातल्या एका दंत महाविद्यालयातली ही सकाळ आहे. ओरल सर्जरी विभागाच्या बाकांवर बसलेल्यांपैकी किती जणांचा हात गालावर आहे, पाहा. निळ्या शर्टातला हा मुलगा एमआयडीसीत पाळीनं काम करतो. आई सोबत आली आहे आणि डॉक्टरांशी तीच बोलते, कारण त्याला तोंड उघडून बोलणं जमत नाही.

(दृश्य : हातातली गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी)

औषधाच्या दुकानात जाऊन ‘दाढ दुखतेय’ म्हटलं की अशी पट्टी मिळते. दोन-तीन दिवसांत सूज उतरते, माणूस कामाला लागतो. मग काही आठवडे बरे जातात, एखाद्या रात्री पुन्हा ठणका लागतो आणि पुन्हा तेच दुकान. या व्हरांड्यात भेटलेल्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये अशी पट्टी होती.

(दृश्य : तोंडातलं जवळून चित्रण)

“आ करा. अजून. अजून थोडं, दादा.”

एवढंच उघडतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक मावतात. याची दोनही जात नाहीत. सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचली की ते आखडतात. डॉक्टर लगेच दुसरा प्रश्न विचारतात : तंबाखू, मिश्री, गुटखा? तोंड न उघडण्याचं आपल्याकडचं दुसरं मोठं कारण गुटखा, सुपारी हे आहे. त्यानं गालाची आतली त्वचा कडक होत जाते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. प्रश्न मात्र या खुर्चीवर रोज विचारावा लागतो.

मुलगा मान हलवतो. नाही.

आता आरशात पाहा. दाढेचा पुढचा एक टोकदार कोपरा दिसतो, बाकी सगळ्यावर हिरडीचा पदर आहे. पदर आणि दाढ यांच्यामध्ये फट आहे. भाताचं शीत, पोळीचा कण, शेंगदाण्याचा चुरा त्यात जातो. बाहेर काढायला ना ब्रश पोचतो ना जीभ. हवा न लागणाऱ्या अशा जागेत वाढणारे जंतू तिथं मजेत राहतात. हिरडी फुगते. फुगली की वरची दाढ दर घासाला तिच्यावर आपटते, त्यामुळे ती आणखी फुगते. गोळीनं सूज उतरते, पण फट जिथल्या तिथे राहते.

(दृश्य : बोथट सुईची सिरिंज, पदराखालून वाहणारं सलाइन)

पहिल्या दिवशी दाढ काढत नाहीत. पदराखाली सलाइन सोडून जागा धुतात. पडद्यावर बाहेर येताना दिसतंय ते या मुलाचं कालचं, कदाचित परवाचं जेवण आहे. सोबत गुळण्यांचं औषध, आणि सूज पसरलेली असल्यामुळे प्रतिजैविक. इथं आई विचारते, “वरचं मांसच तेवढं कापून टाका ना, डॉक्टर. दाढ कशाला काढायची?” विचारणारी ती एकटी नाही. तसं करतातही, पण दाढ सरळ असेल आणि वर यायला जागा असेल तरच. आडव्या दाढेवर पदर परत वाढतो.

आणखी एक गोष्ट एक्स-रेत दिसते, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन दाढा जिथं टेकल्या आहेत तिथं पुढच्या दाढेच्या पाठीवर एक काळसर डाग आहे. ही कीड आहे. ज्या दाढेनं आयुष्यभर चावायचं, तीच शेजारणीमुळे पोखरली जाते. आज ती भरून वाचेल. आणखी काही वर्षं पट्ट्यांवर काढली असती तर दोन्ही काढाव्या लागल्या असत्या.

मग सगळ्याच अक्कलदाढा काढायच्या का? नाही. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं 2000 साली सांगितलं की काहीच विकार नसलेली अडकलेली दाढ उगाच काढू नये. हिरडी दुसऱ्यांदा सुजली तर मात्र काढणं योग्य, असंही त्याच सूचनेत आहे. या मुलाची कितवी वेळ, ते त्याच्या आईला विचारा.

(दृश्य : मायनर ओटी, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांची खोली. हिरवी चादर, ट्रेमधली अवजारं)

सूज उतरल्यावर तो परत आला. आता तोंड पूर्ण उघडतं.

मावशी ट्रे लावतात. कुपीत लिग्नोकेन हे भुलीचं औषध आहे. 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं. त्याआधी 1884 साली अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून जबडा बधिर करून दाखवला होता. औषध बदललं, पण सुईची वाट साधारण तीच राहिली. सुई उजवीकडच्या उपदाढांवरून तिरकी, डाव्या जबड्याच्या आतल्या बाजूला. डॉक्टर आधी दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना पाहतात, मगच औषध सोडतात. हळू.

काही मिनिटांनी विचारतात, “ओठ कसा वाटतोय?”

“जाड झालाय.”

म्हणजे भूल लागली. “दाब जाणवेल, आवाज येईल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा.”

(दृश्य : छेद, हिरडी बाजूला सारताना)

छेद कुठून घेतात ते बघा. दाढेच्या मागे सरळ न जाता पातं बाहेर, गालाकडे वळतं. जबड्याचं हाड मागे जाताना बाहेर वळतं, आणि आतल्या बाजूला जिभेची नस असते. हिरडी हाडावरच्या पातळ आवरणासकट अलगद उचलली जाते. आता पहिल्यांदा दाढ नीट दिसते, पांढरी, अर्धी हाडात बुडालेली.

(दृश्य : फिरतं बर, सलाइनची धार)

लोकांना भीती असते पक्कडीची. गुडघा छातीवर ठेवून ओढणाऱ्या डॉक्टरची गोष्ट प्रत्येक घरात कुणीतरी सांगतंच. या चित्रणात मात्र अजून कुणी काही ओढलेलं नाही. बर, म्हणजे हाड आणि दात कोरणारं हे फिरतं टोक, दाढेभोवतीचं हाड कोरून बारीक खाच करतंय. सलाइनची धार सतत चालू आहे, कारण कोरताना हाड तापलं तर त्याच्या पेशी मरतात. सहायक विद्यार्थिनीच्या हातातली सक्शनची नळी ते पाणी ओढत राहते.

आता दाढेचेच तुकडे करायचे. जिन्याच्या वळणावर अडकलेलं कपाट सुटं करून उतरवतात, तसं. बर दाढेच्या मधोमध खाली जातं, पण आरपार नाही. पलीकडची थोडी जाडी मुद्दाम ठेवतात, कारण तिच्यामागे पातळ हाड आणि पुन्हा ती जिभेची नस. मग खाचेत एलेव्हेटर, म्हणजे दाढ उचकटायचं अवजार, घालून मनगट नुसतं वळवायचं.

(आवाज : कट्)

हा आवाज ऐकून मुलाचे डोळे मोठे झालेत. हात मांडीवरच आहे.

पुढचा तुकडा निघाला. मागचा मोकळा झालेल्या जागेत सरकला, वर आला. एक मूळ टोकाशी वाकलेलं होतं, त्यानं थोडा वेळ घेतला. डॉक्टर ट्रेमध्ये सगळे तुकडे जुळवून पाहतात. मुळांची टोकं शाबूत आहेत, आत काही राहिलेलं नाही. हे काम दोन हातांचं वाटतं, पण चार हात अखंड चालू होते. एक जोडी पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

(दृश्य : काळा रेशमी धागा, गाठ)

खड्डा धुतला, हाडाची धार घासली, टाके पडले. बोळा दाबून धरायचा, तासभर.

दाढेची मुळं खालच्या ओठाच्या नसेजवळ असतील तर काही जणांना ओठ किंवा हनुवटी बराच काळ, क्वचित कायमची, बधिर राहते. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोरात ठणका लागतो. दोन्ही गोष्टी संमतिपत्रावर लिहिलेल्या असतात आणि सही करण्याआधी वाचायच्या असतात.

(दृश्य : व्हरांडा. आई, मुलगा, कागदी कपातलं आइस्क्रीम)

आजच्या दिवसात थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. लाळ गुलाबी दिसली तरी गिळायची. आइस्क्रीम चमच्यानं. गालावर बाहेरून बर्फ. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते. घाबरून त्या दिवशी कुणाचं ऐकून गाल शेकायचा नाही. तंबाखू, सिगारेट नको. टाके आठवड्यानं.

मुलगा काही बोलत नाही. तोंडात बोळा आहे. आई मात्र मावशींना विचारून सगळं केसपेपरच्या मागे लिहून घेतेय.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालयही आहे. अशा ठिकाणी ही शस्त्रक्रिया खासगी दवाखान्याच्या मानानं पुष्कळ कमी खर्चात होते. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने एक्स-रे बरोबर न्या. रक्त पातळ करणारं औषध, मधुमेह, गरोदरपण यातलं काही असेल तर ते आधी सांगा. गालाची सूज गळ्याकडे उतरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर ओपीडीची वेळ पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.