आधी गाडीची लांबी, मग रूळ: लेगो रेल्वेची पहिली मांडणी

(एका सार्वजनिक वाचनालयात छंदांविषयीच्या मालिकेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखन)

उपस्थित श्रोतेहो,

या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी मला सुचवले होते की, लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्यातल्या, रेल्वेचे कोणते संच आधी घ्यावेत याची एक यादी मी श्रोत्यांच्या हाती द्यावी. तशी यादी करणे अवघड नाही, परंतु यादी हाती पडली की माणूस उठून थेट दुकानात जातो, आणि या छंदातली पहिली खरेदी मोजपट्टीची असावी असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो होतो. हौसेने दोन गाड्या घेतल्या, सांध्यांची, म्हणजे ज्यांतून दुसरा मार्ग फुटतो अशा रुळांच्या तुकड्यांची, जोडी घेतली, दिवाणखान्यात जमिनीवर रूळ मांडले आणि एक गाडी लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या बाजूच्या मार्गावर, उभी करून दुसरी मुख्य मार्गावरून सोडली. उभ्या गाडीचा शेवटचा डबा सांध्यावरच राहिला होता. येणारी गाडी त्याला घासली आणि इंजिनासकट आडवी झाली. दोष गाड्यांचा नव्हता आणि रुळांचाही नव्हता. लूप लाइन किती लांब हवी, हा प्रश्न मी खरेदीच्या आधी स्वतःला विचारलाच नव्हता.

लेगोच्या रेल्वेचे एक मोठे सुख असे की, तिच्यात सगळे गणित पूर्णांकांत बसते. डेन्मार्कमधील बिलुंड येथील या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या विटेवरील गोल उंचवट्यांना स्टड म्हणतात, आणि एका स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर असते. सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टड लांब आणि ८ स्टड रुंद असतो, म्हणजे लांबी १२.८ सेंटिमीटर. वक्र रुळाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते आणि त्याची मध्यरेषेपर्यंतची त्रिज्या ४० स्टड भरते. रुळांची रुंदी धरून या वर्तुळाचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास ८८ स्टड, म्हणजे ७०.४ सेंटिमीटर होतो. हा आकडा मी पाठ करून ठेवला आहे आणि आपणही ठेवावा, कारण खोलीत, टेबलावर किंवा पलंगाखाली गाडी वळू शकेल की नाही याचा निकाल तोच देतो. ज्या टेबलाची रुंदी दोन फूट आहे, त्यावर कंपनीच्या रुळांचे वळण बसत नाही, मग टेबल कितीही लांब असो.

आता लूप लाइनकडे येऊ. सांध्याचा तुकडा सरळ दिशेने ३२ स्टड लांबीचा, म्हणजे दोन सरळ रुळांइतका असतो. त्यातून फुटलेला मार्ग तिरका जातो आणि त्याला एक वक्र तुकडा जोडला की तो मुख्य मार्गाशी समांतर होतो. समांतर होईपर्यंत एकूण ४८ स्टड खर्च होतात आणि दोन मार्गांच्या मध्यरेषांत १६ स्टडांचे अंतर पडते. रुळांची रुंदी वजा केली तर मध्ये ८ स्टडांची मोकळी पट्टी उरते, जिच्यात फलाट बांधता येतो. दोन्ही टोकांना सांधे हवेत, म्हणून ४८ अधिक ४८ मिळून ९६ स्टड तर नुसत्या आत शिरण्याबाहेर पडण्यातच जातात. गाडी उभी राहणार ती त्यानंतरच्या समांतर भागात. माझी त्या वेळची सरळ बाजू आठ रुळांची, म्हणजे १२८ स्टडांची होती. त्यातून ९६ गेले आणि गाडीसाठी उरले ३२. एवढ्यात एक इंजिन जेमतेम उभे राहते.

म्हणून क्रम असा असावा: आपल्याला सर्वांत लांब गाडी कोणती उभी करायची आहे ते आधी ठरवावे आणि तिची लांबी स्टडांत मोजावी. एक इंजिन आणि दोन डबे, प्रत्येक वाहन साधारण २८ स्टडांचे, आणि मधल्या चुंबकी जोडण्या धरल्या तर ही लांबी ९० स्टडांच्या आसपास जाते. ९० पेक्षा मोठी आणि १६ ने भाग जाणारी संख्या ९६. त्यात सांध्यांचे ९६ मिळवले की सरळ बाजू १९२ स्टडांची, म्हणजे बारा रुळांची झाली. मांडणी अंडाकृती, म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे; त्या वळणांचे मिळून ८८ स्टड जोडले की संपूर्ण मांडणीची लांबी २८० स्टड, म्हणजेच २२४ सेंटिमीटर होते. इथे एक योगायोग आपल्या फार उपयोगी पडतो. आपल्याकडे प्लायवूडचा पत्रा आठ फूट बाय चार फूट मिळतो, म्हणजे २४४ बाय १२२ सेंटिमीटर. ही मांडणी त्यावर दोन्ही टोकांना दहा-दहा सेंटिमीटर मोकळे सोडून बसते, आणि गाडी रुळावरून उतरलीच तर थेट फरशीवर आपटत नाही.

एवढा मोठा पत्रा घरात कायमचा पसरून ठेवणे बहुतेकांना शक्य नसते. सुताराकडून त्याचे चार बाय चारचे दोन तुकडे करून घ्यावेत. मांडणी मधोमध ठेवली तर मागच्या बाजूला सहा रुळांनंतर बरोबर मध्य येतो; पुढच्या बाजूला सांध्याचे दोन आणि सरळ रूळ चार मिळून सहाच होतात; लूप लाइनवर ४८ स्टड आणि तीन रूळ मिळून तेच ९६ भरतात. म्हणजे तिन्ही ठिकाणी रुळांची जोड फळीच्या जोडीच्या अगदी वर येते, आणि रूळ न उखडता दोन्ही फळ्या वेगळ्या करून भिंतीशी उभ्या करता येतात. हे मी आधी योजले होते असे सांगायला आवडले असते, पण कागदावर आखताना ते आपोआप दिसले. आखणीसाठी आलेखाचा कागद घ्यावा आणि एक सेंटिमीटर म्हणजे १६ स्टड धरावे. सगळी मांडणी साडेसतरा सेंटिमीटरांत मावते. संगणकावरच काम करायचे असेल त्यांच्यासाठी ब्लूब्रिक नावाची मोफत आज्ञावली आहे.

या आराखड्याला एकूण २६ सरळ रूळ, १८ वक्र रूळ, एक डावा आणि एक उजवा सांधा लागतो. लूप लाइन अंडाकृतीच्या आतल्या बाजूला घ्यावी. बाहेर घेतली तर गाडी एका दिशेचे वळण संपवते न संपवते तोच तिला सांध्यावर उलट दिशेला वळावे लागते, आणि अशा नागमोडी जागी लांब डबे एकमेकांना ओढून रुळावरून उतरवतात. आत घेतली तर वळणाची आणि सांध्याची दिशा एकच राहते. आतली लूप लाइन घेऊनही मध्ये ५६ स्टड रुंदीचे मैदान उरते, त्यात स्थानक, मालधक्का आणि दोन-चार घरे सहज होतात.

पूल आणि चढ यांचा मोह मात्र पहिल्या मांडणीत टाळावा, आणि तो का टाळावा हे आकड्यांनीच सांगतो. प्लेट नावाचा चपटा तुकडा ३.२ मिलिमीटर उंचीचा असतो. प्रत्येक रुळामागे एक प्लेट चढवत नेली तर चढ बरोबर ४० स एक होतो, म्हणजे ४० मापे पुढे गेल्यावर एक माप उंची. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला त्याचा तीव्र चढ ३७ स एक होता, म्हणजे आपली एक प्लेट जवळजवळ खंडाळ्याचाच घाट आहे. दोन प्लेटी चढवल्या तर चढ २० स एक होतो, आणि तो तर १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाचा कमाल चढ! आता एका मार्गाने दुसऱ्यावरून जायचे तर खालच्या गाडीसाठी आणि पुलाच्या जाडीसाठी मिळून बारा विटांची, म्हणजे ३६ प्लेटींची उंची गाठावी लागते. खंडाळ्याच्या चढाने ती गाठायला ३६ रूळ, म्हणजे साडेचार मीटरहून अधिक लांबी हवी, आणि तितकीच पुन्हा उतरायला. माथेरानच्या चढाने अंतर निम्मे होते, पण एका मोटारीच्या इंजिनाची चाके डब्यांसकट त्या चढावर जागीच फिरू लागतात. आपला आठ फुटी पत्रा सपाट ठेवणेच शहाणपणाचे आहे.

संग्रहाकडे वळताना विजेचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण जुन्या मालाच्या बाजारात नवखा माणूस इथेच फसतो. लेगोची विजेवर चालणारी गाडी १९६६ साली आली, साडेचार व्होल्टची, निळ्या रुळांवर धावणारी. १९६९ मध्ये १२ व्होल्टची पद्धत आली. १९९१ मध्ये ९ व्होल्टची पद्धत आली, जिच्यात धातूचा पत्रा चढवलेल्या रुळांतूनच मोटारीला वीज मिळे. २००६ पासून रूळ निव्वळ प्लास्टिकचे झाले आणि वीज गाडीतल्या सेलमधून येऊ लागली. २०१८ पासून गाड्या ब्लूटूथवर चालतात. १९९१ नंतरचे रूळ मापाने एकच असल्यामुळे परस्परांना जोडता येतात, त्याआधीचे थेट जुळत नाहीत. ९ व्होल्टच्या गाड्यांचे चाहते त्यांच्या अखंड धावण्याविषयी भरभरून बोलतात आणि ते खोटे नाही, परंतु त्या मोटारी आणि ते रूळ आता बनत नाहीत. नवख्याने ब्लूटूथवरच राहावे. गाडीत बारीक ट्रिपल ए आकाराचे सहा सेल लागतात. पुन्हा चार्ज होणारे घेतले तर एकूण दाब ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतो आणि गाडी किंचित संथ धावते. मला ती तशीच अधिक खरी वाटते.

पहिला संच मालगाडीचा घ्यावा, हा माझा पक्षपात मी लपवत नाही. प्रवासी गाडी गोल फिरते आणि पाहणाऱ्याचा उत्साह दहा मिनिटांत ओसरतो. मालगाडीत वाघिणी सोडणे, जोडणे, लूप लाइनवर ठेवणे, दुसऱ्या बाजूने इंजिन लावणे असे काम असते, आणि सांध्यांवर केलेला खर्च त्यातच वसूल होतो. शिवाय वाघिणी लांबीने लहान, त्यामुळे ९६ स्टडांत त्या अधिक मावतात. संचात मोटार, रिमोट आणि वर्तुळापुरते वक्र रूळ येतातच; त्यानंतर सरळ रूळ, मग सांध्यांची जोडी, आणि दुसरी गाडी सर्वांत शेवटी. २०२३ साली आलेल्या ओरिएंट एक्सप्रेसच्या देखण्या संचावर अनेकांची नजर असते, परंतु त्यात मोटार बसवण्याची सोय कंपनीने दिलेली नाही. तो कपाटात शोभतो. पहिल्या खरेदीत त्याचे काम नाही.

मग आपल्या गाड्यांचे काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचेही उत्तर मापातच आहे. लेगोच्या रुळांमधले आतील अंतर ३७.५ मिलिमीटर आणि आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण सुमारे ४५ स एक. आपला जुना निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा २१.३ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद. या प्रमाणात तो ५९ स्टड लांब आणि ९ स्टड रुंद होईल. असा डबा ४० स्टड त्रिज्येच्या वळणावर नेला तर त्याचे पोट आतल्या फलाटाला घासेल आणि कोपरे बाहेरच्या सिग्नलला. रुंदी लेगोच्या गाड्यांच्या नेहमीच्या रुंदीप्रमाणे सहा स्टड धरली तर त्याच प्रमाणात लांबी ३९ स्टड होते. हाही डबा लांबच आहे, पण दोन्ही टोकांना फिरत्या चाकगाड्या दिल्या तर तो वळतो. रेल्वेच्या भाषेत या चाकगाड्यांनाच बोगी म्हणतात. आपण उगाच संपूर्ण डब्याला बोगी म्हणत आलो आहोत. मी स्वतः लांबीत काटछाट करून ३२ स्टडांवर थांबतो आणि खिडक्या कमी करतो. डोळा ते खपवून घेतो.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. कंपनीने २०२० साली क्रोकोडाइल नावाचे स्विस विजेचे इंजिन काढले, मध्ये उंच खोली आणि दोन्ही बाजूंना मगरीच्या जबड्यासारखी लांब नाके असलेले. त्यात मोटार येत नाही, पण वेगळी बसवता येते. मुंबई–पुणे घाटात १९२८ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने जी विजेची मालवाहू इंजिने आणली, ती स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्याच्या याच घराण्यातली होती. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ हे नाव मिळाले, परंतु चालकांनी त्यांना नाव दिले ते खेकडा. त्यांतले एक आजही मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभे आहे. संचातल्या विटा थोड्या बदलल्या की स्विस मगरीचा आपला खेकडा होऊ शकतो. माझा अजून अर्धाच झाला आहे.

देखभालीविषयी एकच सांगतो. आपल्या घरांत रोज केर निघतो आणि तरी फरशीवर केस उरतातच. जमिनीवर धावणाऱ्या गाडीच्या आसांना महिन्याभरात ते गुंडाळले जातात, चाके जड होतात आणि माणूस सेल बदलत बसतो. चिमट्याने आस साफ करावेत आणि गाडी फळीवर चालवावी.

मागच्या टेबलावर मी वर्तुळाचे १६ रूळ, सांध्यांची एक जोडी आणि मोजण्याचे दोन टेप ठेवले आहेत. ज्यांनी आपल्या पलंगाखालची जागा मोजून आणली असेल त्यांनी आधी पुढे यावे. बाकीच्यांना मी आलेखाचा कागद देतो.