आधी दगड तापतो

(दृश्य – बर्फाळ उतार. मधूनच वर आलेला काळा खडक. त्याच्या कडेने जांभळ्या फुलांची पट्टी.)

मे महिना अर्धा सरलाय. आपल्याकडे लोक वळवाची वाट बघतायत, आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात अजून बर्फ आहे. हे शहर आर्क्टिक वृत्ताच्याही वर, जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबर संपता संपता इथला सूर्य क्षितिजाखाली जातो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. अशा गावात विद्यापीठाने एक बाग केली आणि १९९४ साली ती लोकांना खुली केली. जगातलं सर्वांत उत्तरेकडचं वनस्पती-उद्यान म्हणून ती ओळखली जाते.

ही रॉक गार्डन आहे. रॉक गार्डन म्हटलं की आपल्याला चंदीगडची नेक चंद यांची शिल्पं आठवतात. पण ही बाग वेगळी. इथे दगड रचले आहेत ते झाडांसाठी.

(दृश्य – खडकाच्या कडेचं वितळतं पाणी.)

बर्फातून सगळ्यात आधी डोकं वर काढतो तो दगड. गडद रंगाचा खडक ऊन पितो, त्याच्या भोवतीचा बर्फ आधी ओसरतो, आणि त्या चिंचोळ्या उघड्या पट्टीत जांभळी सॅक्सिफ्रेज फुलून येते. झाड जेमतेम बोटभर उंच, जमिनीला चिकटलेलं. फुलं मात्र इतकी दाट की खालची पानं दिसू नयेत. एवढी घाई तिला जमते, कारण तिच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार झालेल्या असतात. सगळा हिवाळा त्या बर्फाखाली मिटून बसतात.

याच सॅक्सिफ्रेजची नोंद स्वित्झर्लंडमधल्या डोम शिखरावर, साडेचार हजार मीटर उंचीवर झाली आहे. ग्रीनलंडच्या उत्तर टोकापलीकडच्या काफेक्लुबेन बेटावरही ती सापडते. त्याच्या उत्तरेला मग ध्रुवापर्यंत समुद्र आणि बर्फच.

बर्फाखाली झाड मरत कसं नाही? कारण बर्फ त्याला सांभाळतो. वर हवा उणे वीसवर गेली, तरी जाड बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहते. वारा लागत नाही आणि ओलही फारशी नसते, कारण पाणी सगळं गोठलेलं. डोंगरमाथ्यावरच्या झाडांना थंडी मारत नाही. त्यांना मारतो तो हिवाळ्यातला ओलावा. इथून पुढच्या प्रत्येक बागेत हीच गोष्ट पाहायची आहे.

(दृश्य – लंडन. फेब्रुवारीतली रिमझिम.)

लंडनचा हिवाळा म्हणजे नेमका तोच ओलावा. पाऊस थांबत नाही, बर्फ टिकत नाही, आणि झाडाच्या मानेशी सतत पाणी साचतं. तरीही दगडांच्या बागांचा छंद फोफावला तो या देशात.

थेम्सकाठी चेल्सीमध्ये औषधी वनस्पतींची एक जुनी बाग आहे, १६७३ सालची. औषधं बनवणाऱ्यांच्या संघटनेने ती उभी केली. तिथे १७७३ साली दगडांचा एक ढिगारा रचण्यात आला. युरोपातल्या सगळ्यात जुन्या रॉक गार्डनमध्ये त्याची गणना होते. त्यात लंडनच्या किल्ल्यातले जुने घडीव दगड आहेत, आणि आइसलंडचा काळा लाव्हाही. जोसेफ बँक्स हे निसर्गशास्त्रज्ञ १७७२ मध्ये आइसलंडला गेले होते. परत येताना जहाजाला वजन हवं, म्हणून तळाशी लाव्हाचे दगड भरले, आणि ते पुढे या बागेत आले. जहाजाचं वजन म्हणून समुद्रापार आलेला ज्वालामुखीचा दगड शेवटी झाडाच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून कामी आला, हे मला विलक्षण वाटतं.

(दृश्य – क्यू गार्डन. काचेचं उंच, कमानदार घर.)

लंडनमधल्याच क्यू या वनस्पती-उद्यानातली दगडांची बाग १८८२ सालची. तिची घडण पिरेनीज पर्वतातल्या दरीसारखी आहे. जवळच २००६ साली डोंगरी फुलांसाठी काचेचं घर बांधलं. काचेचं घर म्हणजे ऊब, अशी आपली समजूत असते. इथे उलट आहे. हे घर झाडांना गार आणि कोरडं ठेवतं. वारुळात हवा खेळती राहते त्या तत्त्वावर, जमिनीखालच्या काँक्रीटच्या बोगद्यांतून थंड हवा वर सोडली जाते. वातानुकूलन यंत्र नाही. काच फक्त पाऊस अडवायला.

बाहेर, उघड्या दगडांमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीतच स्नोड्रॉपची पांढरी फुलं येतात. कडाक्याच्या रात्री त्यांची पानं लोळागोळा होऊन पडतात. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. दिवसा ऊब मिळाली की तीच पानं पुन्हा ताठ. मागोमाग क्रोकस. आपलं केशर ज्या फुलातून येतं, त्याचेच हे सख्खे नातेवाईक. केशर शरद ऋतूत फुलतं, हे वसंताच्या तोंडावर.

(दृश्य – अमेरिका. डेन्व्हर. निळंभोर आकाश, सकाळी पडलेला ताजा बर्फ.)

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर आहे. ऊन प्रखर, हवा कोरडी, वर्षाचा पाऊस आपल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षाही कमी. मार्चमध्ये इथे भरपूर बर्फ पडतो आणि दोन-तीन दिवसांत वितळूनही जातो. माती आज गोठते, उद्या सैल होते, परवा पुन्हा गोठते, आणि या ओढाताणीत लहान मुळं वर उचलली जाऊन सुकतात.

त्यावरचा उपाय चेक बागायतदारांनी रूढ केला. दगड आडवे न ठेवता उभे, एकमेकांना खेटून रोवायचे आणि मधल्या अरुंद फटीत झाड लावायचं. मुळं फटीतून खोल जातात, जिथे गारवा टिकतो. माथा मात्र कोरडा राहतो. हा प्रकार कोलोरॅडोत छान रुजला. अशा दगडांमध्ये आयरिस रेटिक्युलाटाचे कंदही सुखात असतात. हे मूळचे तुर्कस्तान, इराण, कॉकेशसच्या उतारांवरचे. त्यांना उन्हाळ्यात कोरडी झोप लागते, ती इथे आपसूक मिळते.

पण डेन्व्हरमध्ये माझ्या मनात भरतं ते तिथलं स्वतःचं फूल, पास्क. कळीपासून देठापर्यंत रेशमी लव. दव, हिम, वारा सगळं त्या लवेवर अडतं आणि आतली कळी ऊब धरून राहते.

जपानमधल्या पिवळ्या अडोनिसची युक्ती आणखी निराळी. बर्फ वितळत असतानाच त्याची वाटी उमलते आणि दिवसभर सूर्यामागे फिरते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, म्हणून थंडीने गारठलेले कीटक तिथे येऊन बसतात. या फुलात मध नसतो, पण कीटकांना ऊब आणि पराग पुरतात.

दक्षिण गोलार्धात, केपटाउनच्या टेबल माउंटनच्या पायथ्याशी, वसंत ऑगस्टमध्ये येतो. तिथे पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे कंद उन्हाळाभर झोपतात. तिथल्या किर्स्टनबॉशच्या बागेत ढगाळ दिवशी गेलात, तर फक्त उन्हात उमलणारी गझानियाची फुलं मिटलेली दिसतील.

(दृश्य – कास पठार. जून. काळ्या जांभ्यावर पहिल्या पावसाचं पाणी.)

आणि आपल्याकडे?

चैत्रात कासचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, तव्यासारखा तापलेला असतो. जांभ्याच्या खडकावर वितीएवढीही माती नाही, आणि पंचांगातला वसंत तिथे कोणालाच उठवत नाही. पण ट्रोम्सोच्या बर्फाखाली जे चालू असतं, ते इथे कोरड्या मातीत चालू असतं. कंद निजलेले असतात. मृगाचा पाऊस झाला की दीपकाडी वर येते. डबक्यांत वायतुरा जागा होतो. हा सह्याद्रीबाहेर कुठेही मिळत नाही, आणि त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. सीतेची आसवं, तेरडा, गेंद यांची गर्दी नंतरची. पर्यटक येतात ते तेव्हा.

चेल्सीत दगड जहाजाने आणावा लागला, डेन्व्हरमध्ये रोवावा लागला. आपल्याकडे कोकणापासून साताऱ्यापर्यंत सडे आयते आहेत. मातीचा पातळ थर, उतार, निचरा, फटी, सगळं तयार. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी सड्यांना लोक पडीक म्हणतात. तिथे चिऱ्यांच्या खाणी निघतात, सुरुंग लावून खड्डे पाडतात आणि बाहेरची माती भरून आंबा लावतात. कलमं जगतात, पण दगडावरचे ते कंद कायमचे जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जूनमध्ये गर्दी व्हायच्या आधी एखाद्या सड्यावर जाऊन पाहा. चालताना पाय उघड्या कातळावर ठेवा, हिरव्या पट्ट्यांवर नको. कंद तिथेच, दोन बोटं खाली असतात.