परिशिष्ट कुठे गेलं?

(नाशिकमधल्या एका विद्यार्थी-संशोधन मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची मंडळी, आणि हजेरी लागणार आहे असं सांगून इथे आणलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

हजेरीचा कागद शेवटी फिरणार आहे, हे मला आल्या आल्या कळलं. म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत बसणार. तीस वर्षं प्राध्यापकी केली आहे, त्यामुळे ही युक्ती ओळखीची आहे. कदाचित आमच्याच पिढीने काढली असेल.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कला, संस्कृती आणि समाज: विद्यार्थी-संशोधनाच्या दिशा'. विषय मी दिलेला नाही. उपदिशा धरून दिशा आठ होतात आणि मला मिनिटं दिली आहेत पंचेचाळीस. तेव्हा मी एकाच दिशेला जाईन म्हणतो. प्रकल्पवहीच्या अगदी शेवटाकडे, जिथे परिशिष्ट असतं तिथे. वेळ उरला तर बाकीच्या दिशाही करू.

परिशिष्ट वाचणारे किती आहेत इथे? हात वर करा. एक. तू स्वतःचंच वाचलंस ना? बस, बस.

प्रकल्प कसा तयार होतो हे तुम्हाला मी काय सांगावं. प्रस्तावना गेल्या वर्षीच्या मुलाची असते. पूर्वसंशोधनाचा आढावा सरांच्या पीएच.डी.तून येतो. हल्ली ही दोन्ही कामं मोबाईल करतो, आणि सरांपेक्षा शुद्ध लिहितो. मग गृहीतकं. मग निष्कर्ष: 'वरील गृहीतक सिद्ध झाले.' तीस वर्षांत खोटं ठरलेलं एकही गृहीतक माझ्या टेबलावर आलं नाही. शास्त्रज्ञ मंडळी आयुष्यभर चुकत असतात म्हणे, आमची एस.वाय.ची मुलं कधी चुकत नाहीत. आता राहिलं काय? परिशिष्ट. कुणाला भेटलो, काय विचारलं, समोरचा काय बोलला. संपूर्ण वहीत त्या पोराचं स्वतःचं असं एवढंच असतं, आणि आपण नेमकं तेच फेकून देतो. माझं म्हणणं इतकंच आहे. आता तुम्ही उठून गेलात तरी चालेल, पण तो कागद शेवटी फिरणार आहे.

तर एक गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. कॉलेजचं नाव घेत नाही. एक मुलगा होता, भांडी बाजाराच्या मागे राहणारा, वडील एका दुकानात कामाला. वर्गात मागच्या बाकावर, खिडकीपाशी. माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'सर, मला दुतोंड्या मारुतीवर करायचंय.' मी विचारलं, मारुतीवर म्हणजे, धार्मिक? म्हणाला, 'नाही सर, पुरावर.' मी म्हटलं, मग असं शीर्षक चालणार नाही. 'गोदावरीच्या पुराचे सामाजिक व आर्थिक परिणाम' असं लिही. त्याने निमूटपणे शीर्षक बदललं. काम मात्र मारुतीचंच केलं.

बाहेरगावची मुलं आहेत म्हणून सांगतो. दुतोंड्या मारुती म्हणजे गोदावरीच्या पात्रातच उभी असलेली मारुतीची मूर्ती. नाशिकमध्ये गंगेला पूर आला, हो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, की कुणी मीटरमध्ये बोलत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी आमची मोजपट्टी. १९६९ चा महापूर पाहिलेली माणसं अजून त्याच्याशीच तुलना करतात. पावसाळ्यात अर्धं गाव पुलावर जाऊन मारुती पाहून येतं. देवदर्शनाचा इतका शास्त्रीय उपयोग दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

या मुलाने काय केलं, तर सदतीस घरं आणि दुकानं गाठली आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारला. 'पाणी कुठवर आलं की तुम्ही काय हलवता?' बस. आम्ही त्याला बावीस प्रश्नांची प्रश्नावली करून दिली होती, होय/नाही/सांगता येत नाही अशी. ती त्याने घडी करून दप्तरात ठेवली.

उत्तरं पाहा. सराफ म्हणाला, आधी चोपड्या हलवतो, तिजोरी हलतच नाही. भांड्यांचा दुकानदार म्हणाला, आधी स्टील, मग पितळ. का? तर पितळ बुडालं तरी चिंच लावून घासता येतं, पण स्टीलचं खोकं भिजलं की गिऱ्हाईक जुना माल म्हणून हात लावत नाही. रामकुंडाजवळचे एक तीर्थोपाध्याय म्हणाले, यजमानांच्या वह्या आधी, बाकी संसार नंतर. त्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंच्या सह्या आहेत, गावोगावच्या घराण्यांची नावं आहेत. आणि एक आजी. ती जे बोलली ते मला अजून पाठ आहे: 'गुडघ्याला लागलं का पीठ वर, कमरेला लागलं का पोरं वर, छातीला लागलं का आम्ही मारुतीकडं बघतो आन्‌ मारुती वर बघतो.'

या प्रकल्पाला मी पन्नासपैकी सव्वीस दिले. संदर्भसूचीत पुस्तकं दोनच होती, त्यांतलं एक म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. शिवाय त्याने दोनऐवजी एकच प्रत दिली होती, त्याचेही दोन कापले. नियम म्हणजे नियम!

मग सप्टेंबर २००८. सराफ बाजारात पाणी, भांडी बाजारात पाणी. टीव्हीवर सारखं, गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, इतके हजार सोडणार. आमच्या शेजारच्या काकू मला विचारतात, 'सर, क्युसेक म्हणजे मारुतीच्या कुठवर?' आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा कागद नाशकात एकच होता, आणि मी त्याला सव्वीस दिले होते. धरणाची आकडेवारी सरकारकडे असते. पण कोणत्या पाण्याला कोणतं घर काय उचलतं, ही आकडेवारी सरकारकडे नसते. ती त्या परिशिष्टात होती.

पाणी ओसरल्यावर कॉलेजात गेलो. स्टोअररूम उघडली. चकाचक! भिंतींना नवा रंग, कोपऱ्यात कुंडी. शिपाईमामांना विचारलं, जुने प्रकल्प कुठे? ते म्हणाले, 'सर, मागं समिती यायची होती ना, तेव्हा सगळं काढलं.' आता समिती कशासाठी येणार होती? कॉलेजात संशोधनाचं वातावरण आहे का, ते पाहायला. म्हणून संशोधन रद्दीत घातलं. हसा, हसायला हरकत नाही. आणि मामांनी वर हेही सांगितलं की रद्दीवाल्याने स्पायरल आधी काढून घेतले, कारण प्लास्टिकचा भाव वेगळा असतो. कागद आणि प्लास्टिक यांतला फरक तरी कुणाला तरी कळला, असं मी मनात म्हटलं.

त्या मुलाला शोधून काढलं. सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. म्हटलं, तुझ्याकडे प्रत असेल. म्हणाला, 'नाही सर. दुसऱ्या प्रतीच्या झेरॉक्सला पैसे नव्हते. म्हणून तर तुम्ही दोन मार्क कापले होते.'

मी ते विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

पाणी देता का जरा. हां.

आता तुम्ही म्हणाल, एका मुलाच्या वहीचं एवढं काय घेऊन बसलात. तर जरा पांडवलेण्यांवर चला. दहा क्रमांकाचं लेणं. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे तिथे, दुसऱ्या शतकातला. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवले, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. गोवर्धन म्हणजे हे आपलं, गंगापूरकडचं. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज काढा. दोनशे चाळीस. लेखात म्हटलंय, वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. वीस बारं दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत! आणि पुढे काय लिहिलंय? हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. म्हणजे कुणाकडे किती, कोणत्या दराने, कशासाठी, आणि नोंद कुठे केली, सगळं आहे. याला मी परिशिष्ट म्हणतो. त्याच लेण्यांमधली राजांची बिरुदं वाचताना दम लागतो, पण त्या काळच्या नाशकातला विणकर मला दिसतो तो या व्याजाच्या दरात.

आणखी एक, थोडं अवघड उदाहरण. कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, हुतात्मा अनंत कान्हेरे यांनी तिथे त्याला गोळ्या घातल्या. त्यांच्याच नावाच्या मैदानावर तुम्ही क्रिकेट खेळता. त्या राजकारणात मी आत्ता शिरत नाही. पण हा जॅक्सन लोकसमजुती जमवायचा. प्रश्नावली काढून ती शाळामास्तरांकडे पाठवायची पद्धत होती. त्याच्यामागे ते कागद एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने छापले, गुजरातचे १९१४ मध्ये, कोकणाचे १९१५ मध्ये. पानांच्या तळाला पाहा, अमुक गावचा शाळामास्तर, तमुक गावचा शाळामास्तर. साहेबाने काढलेल्या अर्थांना आज कुणी फारसं विचारत नाही. मास्तरांची उत्तरं मात्र अजून वापरली जातात. म्हणजे पुन्हा परिशिष्टच टिकलं की नाही?

आणि ज्याची मला खरी रुखरुख आहे ते सांगतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. मी विद्यार्थी होतो तेव्हा त्या सत्याग्रहात उभी राहिलेली माणसं नाशकात हिंडत होती, चहाच्या टपरीवर भेटायची. त्या दिवशी दुपारी तुम्ही काय खाल्लं, पायात वहाणा होत्या का, घरी कुणाला सांगून निघालात, हे त्यांना विचारता आलं असतं. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांवर निबंध आम्ही सगळ्यांनी लिहिले. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी काही विचारलं नाही. आम्ही तेव्हा गृहीतकं लिहीत होतो.

चिठ्ठी आली वाटतं. 'सात मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. ठीक आहे, आता दिशा. भराभर घेतो, लिहून घ्या.

विषय लहान घ्या, चालत जाता येईल एवढा. 'नाशिकचे सण' नको, आपल्या गल्लीतली रहाड घ्या. वर्षभर बुजवलेला तो रंगाचा हौद रंगपंचमीला उघडतात तेव्हा मान कुणाचा, पूजा कोण करतं, खर्च कोण देतं. माझ्या एका विद्यार्थिनीला मानाबद्दल तीन घरांत तीन उत्तरं मिळाली. ती रडवेली होऊन आली, 'सर, खरं कोणतं?' म्हटलं, बाई गं, तिन्ही लिही, भांडण हाच तुझा विषय आहे. गृहीतक आधी लिहू नका, आणि आधी लिहावंच लागलं तर ते खोटं ठरल्याचं सांगायला लाजू नका. प्रश्न विचारलात ते शब्द जसेच्या तसे टिपा, कारण उत्तर त्या शब्दांना दिलेलं असतं. तारीख, जागा, वेळ, शेजारी आणखी कोण बसलं होतं, हे लिहा. सासू शेजारी असताना सून वेगळं बोलते, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

बोली सुधारू नका. सटाण्याची आजी 'पानी उनं' म्हणाली असेल तर तुम्ही 'पाणी आले' करायचं नाही. सुरगाणा-पेठकडे बोहाड्याला, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवतात त्या उत्सवाला जाल, मुखवट्यांचे फोटो काढाल, तर मुखवटा कुणी केला, कशाचा केला, हेही त्याच्याच शब्दांत येऊ द्या. एकाने मला पन्नास मुलाखती आणून दिल्या होत्या, त्यांत भांडी बाजारातला हमाल म्हणतो, 'जागतिकीकरणामुळे आमच्या अस्मितेचे स्थित्यंतर झाले.' मी त्या हमालाला भेटायची फार इच्छा व्यक्त केली. मग तो मुलगा आठवडाभर आलाच नाही. माणसाची परवानगी घ्या, नाव छापायचं नसेल तर छापू नका, आणि लिहून झालेलं त्याला एकदा वाचून दाखवा. उषवदातानेसुद्धा निगमसभेत ऐकवलं होतं.

साम्य तपासणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचं... दहा टक्क्यांपर्यंत माफ, असा यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, आणि मुलं सगळी बुद्धी नऊ पूर्णांक नऊवर आणण्यात घालवतात. परिशिष्टाचं साम्य शून्य येतं, करून पाहा. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स आहे, म्हणजे वह्यांचे ढीग वाढणार. ते कुठे ठेवणार? आपल्या शहरात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मुक्त विद्यापीठ आहे, इतकी कॉलेजं आहेत. मला इमारत नको. प्रत्येक विभागात एक कपाट, त्याला कुलूप, एक यादी, आणि नुसती परिशिष्टं. प्रस्तावना खुशाल रद्दीत द्या. सिंहस्थ तोंडावर आहे, यंदाही सगळे 'कुंभमेळा आणि प्रदूषण' करतील. करा. पण घाटावर फुलं विकणाऱ्या बाईला विचारलेलं एक पान त्या कपाटात...

दुसरी चिठ्ठी. हो, थांबतो.

परवा रविवारी सकाळी नऊ वाजता मी दुतोंड्यापाशी असेन. सातपूरचा तो मुलगाही येतो म्हणालाय, मुलगा कसला, केस पिकलेत त्याचे. सदतीसपैकी किती घरं आठवतात ते बघू, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारत फिरू. ज्यांना यायचं असेल त्यांनी वही आणा. दोन प्रती करायच्या आहेत, झेरॉक्सचे पैसे मी देतो. फिरवा आता तो हजेरीचा कागद.